ठासणीची बंदूक, पहिलीच: ओहायोतल्या जानेवारीसाठीच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार

ठरलं एकदाचं. येत्या जानेवारीत हरणाला बसायचं आणि ते ठासणीच्या बंदुकीने बसायचं. गेल्या वर्षी हंटर एज्युकेशनचा कोर्स आणि परीक्षा झाली, लायसन्स काढलं, आणि मग वर्षभर नुसते व्हिडिओ बघत बसलो, बंदूक काही घेतली नाही. म्हणून यंदा वही उघडलीय, तारखा टाकून लिहीत गेलो की निदान स्वतःची लाज तरी वाटते.

जानेवारीच का, तर ओहायोत डिसेंबरचा गन सीझन असतो त्या आठवड्यात आमचं ऑफिसचं रिलीज असतं, आणि त्या आठवड्यात रानात माणसंही फार असतात. मझललोडरचा, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, वेगळा सीझन ४ ते ७ जानेवारी २०२५, चारच दिवस. थंडी मरणाची, पण रान रिकामं. आणि इथे हरणासाठी लांब पल्ल्याच्या नेहमीच्या रायफली चालतच नाहीत, एकतर शॉटगनचा स्लग (छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी), नाहीतर २०१४ पासून सरळ काडतुसाची (निमुळत्या मानेच्या नव्हे) रायफल, नाहीतर मझललोडर. मझललोडरच्या नळीचं भोक .३८ इंच किंवा मोठं हवं, एवढीच अट. आणि ती डिसेंबरच्या गन सीझनमध्येही चालते, म्हणजे पुढेमागे सुट्टी मिळाली तर तीच वापरता येईल. एका बंदुकीत दोन सीझन, कोकणी माणसाला अजून काय पाहिजे.

बजेट: सगळं धरून सहाशे डॉलर. बायकोला पाचशे सांगितलंय.

१७ ऑगस्ट

आज मामाला फोन. कुडाळजवळ त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, आजोबांच्या वेळची. लहानपणी मे महिन्यात गेलो की खुंटीला टांगलेली दिसायची, हात लावायची बंदी. वानर आणि डुक्कर हाकलायला नुसत्या दारूचे बार काढायचा तो, गोळी नाहीच. त्याला म्हटलं मी इथे हरणाच्या शिकारीला बंदूक घेतोय तर पहिला प्रश्न, “हरणाक कित्या मारतंस रे? थंय चलता?” चालतं म्हटलं, सरकारच परमिट देतं, इथे हरणं एवढी झालीत की रस्त्यावर गाड्यांना धडकतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर हा विषयच संपला, त्यामुळे मामाला ते पचायला जरा वेळ लागला. गंमत म्हणजे ओहायोतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरणं संपलीच होती, मग पुन्हा वाढवली, आणि १९४३ मध्ये तीन काऊंट्यांमध्ये सीझन उघडला. आता सगळ्या ८८ काऊंट्यांमध्ये आहे.

मामाकडून शब्द मात्र सगळे मिळाले, ते लिहून ठेवतो कारण इंग्रजी व्हिडिओ बघून बघून माझं डोकं तसंच विचार करायला लागलं होतं. नळी, दस्ता, घोडा, चाप, माशी (नेम धरायची खूण), गज (ठासायची काठी). दारू आधी, मग गोळी, मग गजाने ठासायची, मग केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, लावायची. घोडा केपवर पडला की ठिणगी आत जाते. ही केपाची बंदूक. त्याच्या आधीची चकमकीची, त्यात घोड्यात गारगोटी असते, ती पोलादावर घासते, ठिणगी बाहेरच्या रंजकावर पडते आणि मग कानातून, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकातून, आग आत. (शाळेत ‘रंजक माहिती’ वाचताना रंजक म्हणजे बंदुकीची दारू हे कोणी सांगितलं असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं.) आणि तिसरी इथली आधुनिक, इनलाइन, हिच्यात केप किंवा प्रायमर (केपेचंच काम करणारी काडतुसाची टोपी) सरळ नळीच्या बुडाशी, दारूच्या अगदी मागे बसतो. १९८५ मध्ये मिसुरीतल्या टोनी नाइटने एमके-८५ काढली तेव्हापासून हे प्रकरण जोरात आलं.

तर निवड या तीनमधून. माझं मन केपाच्या बंदुकीवर आहे. मामासारखी.

२५ ऑगस्ट

काल सेकंडहँड बंदुका ठेवणाऱ्या एका दुकानात गेलो. थॉम्पसन सेंटरची हॉकन होती, .५०, पितळेची सजावट, अक्रोडाचा दस्ता, बघताक्षणी प्रेमात पडावं अशी. ही कंपनी १९७० पासून हे मॉडेल काढायची, सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या जुन्या रायफलींवरून नाव. किंमत पण परवडेल अशी. पैसे काढणारच होतो, पण नळीत लाईट टाकून बघायची सवय व्हिडिओंनी लावलीय म्हणून नशीब.

आधी गज आत सोडून बघितला. हे प्रत्येक जुन्या ठासणीच्या बंदुकीला करायचं, दुकानदार काहीही म्हणो. गज आत कुठपर्यंत जातो तिथे बोट धरायचं, बाहेर काढून नळीच्या शेजारी धरून बघायचं, तो कानापर्यंत पोचला पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबला तर आत कुणाच्या तरी आजोबांनी ठासलेला बार अजून बसलाय असं समजायचं. ही रिकामी होती. मग लाईट. बुडापासून हातभर अंतरापर्यंत नळी आतून देवीच्या व्रणांसारखी, खड्डे खड्डे. पॅच (कापडाचा तुकडा) लावून गज फिरवला तर दोन ठिकाणी अडकला आणि कापडाचे धागे निघाले. काळी दारू जळली की जो काजळीचा थर राहतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो, एक रात्र तसाच ठेवला तरी गंज धरतो, आणि ही कुणीतरी पूर्ण सीझन तशीच ठेवली असणार. बाहेरून मात्र आरशासारखी पॉलिश! दुकानदार म्हणाला शूट करत गेलं की साफ होते. हो, होते.

परत ठेवली. गाडीत बसून पाच मिनिटं उगाच वाईट वाटलं.

एक मात्र तिथे शिकलो, ते नळीतल्या पिळाचं, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचं. त्या हॉकनचा पीळ ४८ इंचात एक फेरा. गोल गोळी कापडात गुंडाळून मारायची तर पीळ संथ हवा, ६० किंवा ६६ इंचात एक. प्लॅस्टिकच्या कपातली लांब गोळी, म्हणजे सॅबो, मारायची तर पीळ घट्ट हवा, २८ इंचात एक. ४८ म्हणजे मधलं, दोन्ही चालतं आणि दोन्ही थोडं थोडं रुसतं. म्हणजे बंदूक निवडायच्या आधी गोळी निवडायची असते. हे मला उलटं वाटत होतं.

१५ सप्टेंबर, रविवार

पाच दिवसांचा गणपती बुधवारी पोचवला आणि आज पहाटे इंडियानातल्या फ्रेंडशिपला निघालो. नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं ठिकाण तिथे आहे, वॉल्टर क्लाईन रेंज. जून आणि सप्टेंबरमध्ये त्यांची मोठी शूट असते. संस्था १९३३ ची, पण सुरुवात आमच्याच ओहायोतल्या पोर्ट्समथला १९३१ मध्ये झालेल्या एका मॅचपासून. गाव म्हणजे काय, एक रस्ता आणि शेतं. पण त्या आठवड्यात जत्रा. कातड्याचे कपडे घातलेली म्हातारी माणसं, तंबू, शिंगाच्या दारूदाण्या, लोहार, आणि सगळीकडे गंधकाचा वास. डोळे मिटले तर लक्ष्मीपूजनाची रात्र. मी सरळ सरळ हसत उभा होतो.

एका सत्तरीच्या आजोबांनी त्यांची चकमकीची रायफल मारून बघायला दिली. मी विचारलंसुद्धा नव्हतं, नुसता टक लावून बघत होतो, तेच म्हणाले ये. दारू मोजून नळीत, कापडात गोल गोळी, ठासली, रंजक टाकलं, घोडा मागे. चाप ओढला आणि... आधी डोळ्यासमोर फुस्स करून जाळ, आणि मग बार. मध्ये अर्धा सेकंदही नसेल पण तेवढ्यात मी डोळे मिटले, मान मागे घेतली आणि गोळी कुठल्या देशात गेली देव जाणे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा टार्गेटच्या कागदाला लागली, कडेला. आजोबा म्हणाले सगळ्यांचं असंच होतं, जाळ दिसला तरी नेम धरून राहायला वर्ष जातं, आणि ते वर्ष कागदावर घालव, हरणावर नको. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरचा अख्खा सीझनच चकमकीचा असतो, तिथले लोक काय असतील!

परत येताना अडीच-तीन तास गाडीत एकटाच. चकमक बाद, यंदापुरती तरी. केप की इनलाइन एवढाच प्रश्न उरला, आणि खरं सांगायचं तर मन केपाकडे आणि डोकं इनलाइनकडे. जाळ, धूर, वास हे सगळं आवडलंच, पण मी चार दिवसांचा शिकारी, रोज रेंजवर जाणारा नाही, जानेवारीत बर्फ किंवा बर्फाळ पाऊस असणार, आणि उघडी केप ओली झाली की संपलं. अजून एक गोष्ट तिथे एकाला करताना बघितली ती डोक्यातून जात नाहीये: दिवस संपला, बार भरलेला, हरण आलंच नाही, तर केपाच्या बंदुकीचा बार रिकामा करायला मातीच्या बांधात गोळी मारूनच टाकावी लागते, नाहीतर गोळीत स्क्रू घालून ओढून काढायची कटकट. इनलाइनला मागचा प्लग, म्हणजे नळीच्या बुडाचं बूच, काढला की गजाने पुढून ढकललं की सगळं मागून बाहेर. 

माझं मत झालंय ते लिहून टाकतो. सगळे लोक पहिली बंदूक घेताना पुढून बघतात, किती लांब मारते, किती वेगाने. ठासणीची बंदूक मागून बघायला पाहिजे. कशी उघडते, कशी धुतली जाते, भरलेली रिकामी कशी करता येते.

२८ सप्टेंबर

घेतली. मागून बघूनच घेतली. ब्रेक-ॲक्शन (मध्ये मोडून उघडणारी) इनलाइन, .५०, नळी २६ इंच, पीळ २८ ला एक, ब्रीच प्लग हाताने फिरवून निघणारा, अवजार लागत नाही. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, या किमतीत सीव्हीए आहे, ट्रॅडिशन्स आहे, सगळ्यांच्या हातात धरून बघितल्या, फरक असतो तो दस्ता खांद्याला कसा बसतो आणि चाप किती जड आहे याचा, बाकी भांडणं लोकांची. सर्वात स्वस्त मॉडेलही चाललं असतं, पण त्याची नळी २४ इंच आणि मला ती तोंडाकडे जरा हलकी वाटली.

बोल्ट-ॲक्शनसारख्या दिसणाऱ्या जुन्या इनलाइनही होत्या, स्वस्तात. त्यांच्या बोल्टच्या आत काजळी जाते, सगळा बोल्ट खोलावा लागतो. नको.

फॉर्म वगैरे काही भरावा लागला नाही, कारण केंद्राच्या कायद्यात अशी बंदूक ‘फायरआर्म’ मध्ये मोडत नाही. ऐकून मामा अर्धा मिनिट गप्प. त्याला परवान्याच्या नूतनीकरणाला तालुक्याला किती हेलपाटे मारावे लागतात ते मला माहितीय. पण राज्याराज्याचे नियम वेगळे असतात, आणि घरात लेक आठ वर्षांची आहे, त्यामुळे कुलपाची पेटी बंदुकीआधी घेतली.

फोटो पाठवला मामाला. काळा सिंथेटिक दस्ता, चकचकीत स्टीलची नळी, वर स्कोप. लगेच फोन. “ही कसली बंदूक रे, ह्यो तर फवारणीचो पंप दिसता!”

काय बोलणार. दिसतो खरा.

हिशोब: बंदूक आणि स्कोप मिळून बजेटचा बराच भाग गेला. मग सॅबो गोळ्या २५० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळी-दारू मोजायचं छोटं एकक), २०९ प्रायमर, दारूचं माप, पॅच, गजाला लावायचा ब्रश, सॉल्व्हंट. दारू ऑनलाइन मागवली तर धोकादायक मालाचा वेगळा चार्ज लावतात, एका बाटलीला परवडतच नाही, म्हणून दुकानातूनच. ब्लॅकहॉर्न २०९ बद्दल सगळे गातात, कमी काजळी, गंज कमी, पण ती महाग, त्या दिवशी दुकानात नव्हतीही, आणि तिला चांगला कडक प्रायमर लागतो. मी ट्रिपल सेव्हन घेतली, सुटी. पन्नास-पन्नास ग्रेनच्या तयार वड्याही मिळतात, दोन टाकल्या की शंभर, सोपं काम, पण वडीत कमी-जास्त करायला जागा नाही.

प्लगच्या आट्या अडकू नयेत म्हणून लावायच्या अँटी-सीझ ग्रीसची ट्यूब राहिली. पुढच्या वेळी घेऊ.

६ ऑक्टोबर, रविवार

ओहायोतल्याच डेलावेअरची सरकारी रेंज, घरापासून जवळ. दिवसाचा परवाना काढून गेलो. शेजारच्या बाकावर एआर (भराभर बार काढणाऱ्या आधुनिक रायफली) वाले ठो ठो ठो चाललेले आणि मी मध्ये बसून बाटलीतून मापात, मापातून नळीत, सॅबो बोटाने दाबून बसवायची, मग गज... दर बारला तीन-चार मिनिटं. बाटलीतून सरळ नळीत दारू कधीच ओतायची नाही, आत एखादी ठिणगी राहिलेली असली तर हातात बाटलीच फुटते, म्हणून आधी मापात. 

एक चूक सगळेच करतात म्हणे, मी करता करता वाचलो: माप हे घनफळाचं असतं, तराजूचं नाही. मापातले शंभर ग्रेन म्हणजे तराजूवर शंभर नव्हे. आणि ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा जोरकस, म्हणून तेवढाच जोर हवा तर माप साधारण पंधरा टक्के कमी धरायचं. मी ८० वर सुरू केलं. आणि हल्लीची काडतुसांमधली बिनधुराची दारू यात घालायची नाही, एक चिमूटही नाही, नळी फुटते.

पहिली गोळी ५० यार्डावर, सहा इंच डावीकडे. स्कोप फिरवला. चौथी-पाचवी मध्यात. गजावर पांढऱ्या टेपने दोन खुणा केल्या, एक रिकामी नळी आणि एक बार नीट बसलेला. खूण नळीच्या तोंडाशी आली नाही तर गोळी मध्येच अडकलीय आणि खाली पोकळी आहे, तसा बार काढायचा नाही. दोन बारमध्ये ओला पॅच आणि सुका पॅच फिरवला, न फिरवता एकदा बघितलं तर पुढची सॅबो बुडाजवळ कडक कड्यासारख्या थराला अडली, अंगठा दुखेपर्यंत गज दाबावा लागला.

१३-१४ बार झाले. खांदा बरा आहे. वास मात्र दिवाळीचा नाही, या दारूत गंधकच नाही. थोडी निराशा.

घरी येऊन नळी पुसली दोन-चार पॅचने. उद्या नीट धुऊ, ऑफिसची कॉल आहे.

१० ऑक्टोबर

‘उद्या’ आज उजाडला. प्लग निघत नाही.

हाताने निघणारा प्लग. म्हणून तर घेतली होती. चार दिवस काजळी आट्यांमध्ये बसली, ग्रीस लावलं नव्हतं, आणि आता तो आणि नळी एकजीव. बोटांची सालं गेली. फडकं गुंडाळून प्लायर लावला तर त्याच्यावर चरा, बंदूक सव्वा महिन्याचीही नाही. मामाला फोन केला नाही कारण काय ऐकायला मिळेल ते माहीत आहे. 

गज टाकून खूण बघितली, रिकामी आहे, ते आधी. मग पेनिट्रंट ऑईल मागून थेंब थेंब. रात्रभर.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी परत प्रयत्न, ढिम्म. शेवटी बाथटबमध्ये उभी केली, तोंडातून फनेलने उकळतं पाणी ओतलं, काळं पाणी सगळ्या टबभर, नळी हाताला चटका बसेल एवढी तापली, पुन्हा तेल, पुन्हा पाणी, तिसऱ्या वेळी टिक्क असा आवाज झाला आणि प्लग केसभर हलला. तो आवाज! मी ओरडलो म्हणून बायको धावत आली आणि टब बघून जे बोलली ते इथे लिहीत नाही. आट्या ब्रशने घासल्या, चॉकलेटच्या वड्या पडाव्यात तसे तुकडे निघाले.

दुपारी बायकोने पाटावर लेकीची पाटी-पुस्तकं, माझा लॅपटॉप आणि शेजारी ही, अशी पूजा मांडली. झेंडू इथल्या इंडियन स्टोअरचे. तेव्हा मामाला व्हिडिओ कॉल, त्याच्याकडेही बंदूक पूजेला लावलेली. प्लगची सगळी गोष्ट सांगितली शेवटी. तो फक्त म्हणाला, “पयली नळी धू, मगे जेव.” झालं, एवढंच.

संध्याकाळी अँटी-सीझ ग्रीस आणलं. ट्यूब दहा डॉलरच्या आत.

२ नोव्हेंबर, पाडवा

तिसरा रेंज दिवस. ९० ग्रेन, २५० ची गोळी, १०० यार्डावर तीन गोळ्या साधारण अडीच इंचात. ९५ केलं तर पसरल्या. १५० ला मारून बघितलं, कागदावर लागतात पण वाऱ्याने सरकतात आणि माझा श्वासही सरकतो. ठरवलं, १०० यार्डाच्या पुढे चाप ओढायचा नाही. बंदूक पुढे मारते, मी नाही मारत.

एक बार पेटलाच नाही. टिक, आणि शांत. तोंड टार्गेटकडेच धरून मनात साठपर्यंत मोजलं, कधीकधी उशिरा उडतो. नाही उडाला. प्रायमर बदलला, उडाला. कारण सापडलं, धुतल्यावर प्लगच्या भोकात तेल राहिलं होतं. आता शिकारीआधी नुसता एक प्रायमर उडवायचा, पॅच आत ठेवून, पॅचवर जळका डाग आला म्हणजे वाट मोकळी.

घरी आल्याबरोबर धुतली. फराळ नंतर.

१७ नोव्हेंबर

मामाला फोन. “बंदूक खंय असा?” “पोलिसांकडे. इलेक्शन इला मां.” विधानसभेचं मतदान २० तारखेला, सगळ्यांची हत्यारं ठाण्यात जमा. लोकसभेलाही उन्हाळ्यात जमा केली होती, वर्षात दुसऱ्यांदा. आणि भात कापणीला आलेलं, डुक्कर काही आचारसंहिता वाचत नाहीत. फटाके लावतोय म्हणाला.

३० नोव्हेंबर

पेरी काऊंटी. ऑफिसातल्या मित्राच्या सासऱ्यांचं शेत आहे, सोयाबीन आणि मका, मागे ओढा आणि ओक-हिकरीचं रान. त्यांनी लेखी परवानगीच्या कागदावर सही दिली, इथे तो कागद खिशात लागतोच. ऐंशीला टेकलेले, बोलणं कमी. एवढंच विचारलं, किती लांबून मारणार? मी शंभर म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ट्रॅक्टरवरून सगळं दाखवलं.

ओढ्याच्या काठी हरणांची वाट पडलेली, माती तुडवलेली, कोपऱ्यात मक्याची खुंटं. तिथून साठ पावलांवर पडलेला एक ओक. त्याच्यामागे बसायचं ठरलं. रेंजफाइंडरने तीन झाडं मोजून ठेवली, ४०, ६५, १००. शंभरच्या झाडाला मनात लक्ष्मणरेषा असं नाव दिलंय.

वायँडॉट काऊंटीत २०२० च्या डिसेंबरात जंगली हरणात सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग पहिल्यांदा सापडला, त्या भागाला वेगळे नियम आहेत, तिथून मारलेलं अख्खं हरण सहसा बाहेर नेता येत नाही. पेरी त्यात नाही, तपासलं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

पहाटे चारला निघालो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून चालतं. गाडीतून उतरल्यावर बार भरला, प्रायमर मात्र ओकजवळ बसल्यावर. तोंडाला इलेक्ट्रिकल टेप चिकटवला, बर्फ आत जाऊ नये म्हणून, गोळी त्यातूनच जाते.

थंडी अशी की नाकातले केस कडक झाले. नऊच्या सुमाराला तीन माद्या रांगेने शेताच्या पलीकडच्या कडेने. रेंजफाइंडर १४३. स्कोपमध्ये पुढचीच्या कानाची कड दिसत होती. शंभरच्या झाडाकडे बघत बसलो. वीस मिनिटं त्या तिथे चरल्या आणि गेल्या. बाकी दिवसभर खारी.

रात्री मित्राच्या सासऱ्यांकडेच राहिलो. प्रायमर काढला आणि बंदूक पेटीत घालून कुलूप लावून त्यांच्या थंड कोठारातच ठेवली. थंड बंदूक गरम घरात आणली की नळीला आतून घाम सुटतो, दारू ओली. 

५ जानेवारी

काही नाही. दुपारनंतर आभाळ खाली आलं, बर्फ येणार म्हणून बार मागून काढून घेऊन लवकर निघालो.

६ जानेवारी

बर्फ. रस्त्यांवर स्नो इमर्जन्सी. बायकोने गाडीची चावी दिली नाही.

७ जानेवारी, शेवटचा दिवस

रस्ते दुपारी बरे झाले. ऑफिसला अर्धी रजा. ओकपाशी पोचलो तेव्हा दोन वाजलेले. घोट्याच्या वर बर्फ, आणि सगळं इतकं गप्प की माझ्या जाकिटाचा आवाज मलाच मोठा वाटत होता. पाय गेले, मग बोटं. पावणेपाचला ठरवलं की पुढच्या वर्षी बघू, आणि थर्मास उघडला, तेवढ्यात ओढ्याच्या वाटेवर कान दिसले.

एकटी मादी. दर चार पावलांना थांबायची. ६५ च्या झाडाजवळ आली आणि आडवी झाली. घोडा मागे घेताना अंगठा एवढा बधिर की दोनदा सुटला असता. चाप.

आणि मग काहीच दिसेना. थंड हवेत धूर जागचा हलला नाही, पांढऱ्या बर्फासमोर पांढरी भिंत. लागली की नाही, पळाली की पडली, काहीच कळायला मार्ग नाही, फक्त फांद्या मोडल्याचा आवाज उजवीकडे, आणि तोही खरा की मनातला. फ्रेंडशिपच्या आजोबांनी सांगितलेलं आठवलं, आधी पुन्हा भर, मग चाल. हातमोजे काढून भरला बार. दारूचे दाणे बर्फावर सांडले, काळे.

अर्धा तास थांबायचं असतं. मी वीसच मिनिटं थांबलो, अंधार पडत होता. बर्फावर माग वाचायला काही कौशल्य लागलं नाही, लाल ठिपके, मग पट्टा. पन्नास-पंचावन्न पावलांवर ओढ्याच्या काठाला. मी बराच वेळ शेजारी बसलो. मानेवर हात ठेवला, केस बाहेरून बर्फासारखे आणि आतून गरम. बाकी तो भाग लिहायचा नाहीये.

हंटफिश ॲपवर नोंद, नंबर टॅगवर लिहिला, पेनाची शाई गोठलेली म्हणून आधी काखेत धरून. मित्राचे सासरे ट्रॅक्टर घेऊन आले, हेडलाईटमध्ये बघून म्हणाले, सिक्स्टी? म्हटलं सिक्स्टी-फाइव्ह.

त्यांच्या कोठारात ती टांगून होईपर्यंत साडेसात. तेव्हा लक्षात आलं की बंदुकीत दुसरा बार भरलेलाच आहे. प्रायमर ओढ्यापाशीच काढला होता, पण दारू-गोळी आत. हात धुवायच्या आधी बाकावर वर्तमानपत्र पसरलं, नळी उघडली आणि प्लगला दोन बोटं लावली. ग्रीसने माखलेला, अर्ध्या फेऱ्यात सैल झाला, पाच-सहा फेऱ्यांत हातात. गजाने पुढून हळू ढकललं तर आधी काळी दारू घसरून कागदावर, मग प्लॅस्टिकच्या कपासकट गोळी टपकन. 

सासऱ्यांनी गोळी उचलून बघितली, मला परत दिली, आणि स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बादली आणायला गेले.